पाचशे फुटांच्या आधी नाही

कॅप्टन मोहिते यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या एका पुढाऱ्याला विमानातून खाली उतरवत होत्या.

पुढारी पट्टाबिट्टा लावून आत बसले होते. बाहेर त्यांची माणसं मोबाइल उंच धरून उभी होती. सड्याच्या, म्हणजे आमच्या कातळी पठाराच्या उतारावर, धावपट्टी संपते तिथून डाव्या हाताला, त्यांच्या मंडळाचा कार्यक्रम होता. विमान उठलं की लगेच डावीकडे वळवायचं, गर्दीच्या डोक्यावरून खालून एक फेरी मारायची, असं ठरवून ते आले होते. ठरवलं होतं त्यांनी आणि आमच्या संचालकांनी. उडवणाऱ्या बाईंना कुणी विचारलं नव्हतं.

"पाचशे फुटांच्या आधी मी वळत नाही," कॅप्टन म्हणाल्या.

"अहो, तोवर मैदान मागे जाईल!"

"मग मैदान पुढे न्या."

पुढारी हसले. बाई गंमत करताहेत असं त्यांना वाटलं असावं. कॅप्टननी शांतपणे इंजिनाची चावी काढली, खिशात टाकली, खाली उतरून पलीकडच्या बाजूला गेल्या आणि त्यांचा दरवाजा उघडून धरला. "उतरा."

"तुम्हाला माहीत नाही मी कोण आहे."

"माहीत आहे. वजन विचारलं तेव्हा तुम्ही नावच सांगितलंत."

ते उतरले. जाताना बरंच काही बोलले. मी त्या दिवशी तिथे नवा होतो. आयुष्यभर रत्नागिरीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो, आणि सड्यावरच्या या फ्लाइंग स्कूलने हवामान आणि उड्डाणशास्त्राचे तास घ्यायला मला बोलावलं होतं. शाळेचं नाव सांगत नाही, आता ती चालतही नाही. पहिल्याच दिवशी हे बघून मी मनात म्हटलं, ही बाई इथे फार दिवस टिकणार नाही. त्यानंतर त्या चांगल्या टिकल्या. त्या टिकल्या म्हणून आम्हीही ताठ मानेनं वागायला शिकलो, हेही सांगायला हवं.

विशाखा मोहिते. पन्नाशीच्या, बुटक्या, काळ्यासावळ्या, केस मुलासारखे कापलेले. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, जे सड्याच्या मातीनं कायमचे तांबडे झालेले. इंजिनांच्या आवाजात वर्षं काढल्यामुळे त्यांचा डावा कान जवळजवळ गेला होता, म्हणून त्या मोठ्यानं बोलत आणि ऐकताना उजवा कान पुढे करत. मात्र ज्याचं ऐकायचं नसेल त्याच्याकडे त्या डावा कान करून उभ्या राहात. आमचे संचालक नलावडेसाहेब यांना बरेचदा त्यांचा डावा कानच दिसे.

माहेरचं गाव संगमेश्वरच्या आत कुठेतरी. वडील प्राथमिक शिक्षक. त्या स्वतः कुठे कुठे उडत होत्या, काय काय उडवलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एकदा मात्र नलावडेसाहेबांचे साताऱ्याकडचे एक पाहुणे विमानात बसायला आले होते. धावपट्टीकडे जाता जाता त्यांनी मागून विचारलं, "मोहिते म्हणजे आमच्या तिकडचेच की!"

"नाही. आम्ही इकडचेच. बौद्ध."

पाहुणे म्हणाले, "अस्सं. मग तुम्हाला सवलतीत…"

"इंजिन बंद करू का?" कॅप्टन म्हणाल्या. "म्हणजे तुमचा प्रश्न नीट ऐकू येईल. बाहेरच्या मुलांनाही ऐकू येऊ दे."

इंजिन बंद करायची वेळ आली नाही. हा प्रसंग त्यांनी मला हसत सांगितला, पण सांगताना हातातला चहा थंड झाल्याचं त्यांना कळलं नव्हतं.

आता पाचशे फुटांचं सांगतो, कारण त्या बाईंचं अर्धं आयुष्य त्यावरून भांडण्यात गेलं.

एका इंजिनाचं छोटं विमान जमीन सोडतं, तेव्हा त्याच्याकडे उंची नसते आणि वेगही बेताचाच असतो. वळायचं तर पंख कलवावा लागतो. कललेला पंख विमानाला पहिल्याइतकं पेलत नाही, आणि त्यात इंजिन बंद पडलं तर विमान भराभर खाली येतं. त्यामुळे धावपट्टीपासून पाचशे फूट वर गेल्याशिवाय वळायचं नाही, आणि त्याआधी इंजिन गेलंच तर नाक खाली करून समोर जे असेल त्यावर उतरायचं. मागे फिरायचं नाही. हे मी फळ्यावर दहा मिनिटांत शिकवत असे. मुलं लिहून घेत आणि पास होत.

कॅप्टन म्हणत, "सर, तुमचं बरोबर आहे. पण फळा पडत नाही."

त्या मुलांना पायी घेऊन निघत. हातात सापांसाठी काठी. विमान वाऱ्याला तोंड देऊन उठतं आणि सकाळी वारा जमिनीवरून येतो तेव्हा विमानं पूर्वेला उठतात, म्हणून आधी पूर्वेला. धावपट्टी संपली की काटेरी झुडपं, मग कातळ, मग गवताचा एक मोकळा पट्टा, त्याच्या टोकाला जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे रचलेली कुंपणभिंत, आणि गडग्यापलीकडे तात्या सुर्व्यांची हापूसची बाग. प्रत्येक ठिकाणी थांबून त्या विचारत, "इथे पडशील का?" पोरं म्हणत, "नाही मॅडम." "मग कुठे?" पोरं बोटानं दाखवत. "जा, तिथे उभा राहा. पायाखाली बघ. खड्डा आहे की नाही?" संध्याकाळच्या उड्डाणांसाठी मग पश्चिमेला, सड्याच्या कड्यापर्यंत. तिथे उभं राहिलं की खाली एकदम समुद्र दिसतो. "इथून विमान गेलं की खाली पाणी दिसतं," त्या सांगत, "आणि वाटतं, आपण किती उंच आलो! तू नाही उंच आलास, जमीन खाली गेली. परत यायचं आहे ते या सड्यावर. काटा बघ, समुद्र बघू नको."

आणखी एक खोड होती. कॅन्टीनमध्ये, जिन्यात, पार्किंगमध्ये, कुठेही त्या मागून ओरडत, "इंजिन गेलं!" समोरच्या पोरानं हातातलं सोडून तळहात पुढे झुकवायचा आणि म्हणायचं, "नाक खाली!" एकदा एकाचा बटाटेवडा सांबारासकट माझ्या शर्टावर आला. मी रागावलो, तर त्या म्हणाल्या, "बघा, वडा सोडला त्यानं. हा जगेल."

आमच्या कॉलेजनं एकदा त्यांना भाषणाला बोलावलं. मीच मध्यस्थ. मंचामागे मोठा फलक होता, त्यावर गरुड आणि 'उंच भरारी घ्या' असं काहीसं. प्राचार्यांनी प्रास्ताविकात सांगितलं की मॅडमचा पाचशे फुटांचा नियम आपण आयुष्यात उतरवला पाहिजे. आधी उंची गाठा, मगच दिशा बदला. टाळ्या झाल्या. कॅप्टन माइकसमोर आल्या आणि म्हणाल्या, "हे आयुष्याबद्दल नाही. हे विमानाबद्दल आहे. इंजिन बंद पडलं तर माणूस मरतो, त्याबद्दल आहे. आयुष्यात तुम्हाला हवं तेव्हा वळा. मी माझ्या वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, खिशात काही नसताना, घरच्यांना न विचारता वळले." पोरींच्या बाजूनं जो काही आवाज उठला तो प्राचार्य अजून विसरलेले नाहीत.

तात्या सुर्व्यांशी त्यांचं भांडण मात्र वर्षानुवर्षं चाललं. गवताच्या पट्ट्याच्या टोकाचा तो गडगा थोडा उतरवा, एवढीच त्यांची मागणी. तात्या पायरीवर सुपारी कातरत बसलेले असत.

"माझ्या आज्याने घातलान तो गडगा."

"तुमच्या आज्याला विमान माहीत नव्हतं, तात्या."

"मला तरी कुठे हवंय? मोहोर आला की तुमची ती भुणभुण डोक्यावर. गुरं शिरली आत तर तुम्ही येणार हाकायला?"

"येईन."

"नाय उतरवणार."

"मी परत येईन विचारायला."

"या. चहा घेऊन जा. गडगा नाय."

चहा त्या दर वेळी घेत. गडगा तसाच राहिला.

आमची विद्यार्थिनी रुबिना सोलकर ही नाटे गावची मुलगी. वडील आखातात, काका मच्छीमार बोटीवर. घरात विमानाचं नाव काढलं तेव्हा आजी म्हणाली म्हणे, दर्यात गेलेला माणूस निदान पोहतो तरी. रुबिना कमी बोलायची आणि कॅप्टन तिच्यावर सगळ्यांत जास्त ओरडायच्या. एकदा मी म्हटलं, "एवढं का ओरडता तिला?" तर म्हणाल्या, "तिच्या हातून काही चुकलं तर लोक म्हणणार, मुलगी होती. मुसलमान होती. कोळ्याच्या घरातली होती. मुलगा चुकला तर म्हणतात, इंजिन खराब होतं. म्हणून."

त्या सकाळी रुबिना एकटी उडणार होती. तिची काही ती पहिली एकटीची फेरी नव्हती. मी वर्गाबाहेर उभा होतो, कॅप्टन माझ्यापासून थोड्या पुढे, नेहमीसारख्या कमरेवर हात ठेवून. विमान उठलं, पूर्वेला निघालं. मग आवाज थांबला.

तो आवाज कमी झाला नाही, थांबलाच. सड्यावरचा वारा एकदम ऐकू यायला लागला. विमान फार वर नव्हतं, पाचशेच्या बरंच खाली. मला दिसलं की उजवा पंख किंचित झुकला. कॅप्टन ओरडल्या नाहीत. ओरडून उपयोगही नव्हता. त्यांनी फक्त तळहात पुढे झुकवला.

पंख सरळ झाला. नाक खाली गेलं. विमान झुडपांवरून, कातळावरून गेलं आणि गवताच्या पट्ट्यावर उतरलं, उड्या मारत धावलं आणि गडग्यावर आदळलं.

आम्ही पोचलो तेव्हा तात्या सुर्वे तिला बाहेर काढून आंब्याखाली बसवत होते. गळपट्टीचं हाड मोडलं होतं, कपाळातून रक्त येत होतं, पण ती बोलत होती. तात्यांनी स्वतःचा पंचा तिच्या कपाळाला बांधला होता. कॅप्टनना बघताच ते उसळले, "माझा गडगा फोडलान तुमच्या पोरीनं!" आणि तिथेच मटकन खाली बसून रडायला लागले.

हॉस्पिटलात रुबिना मला म्हणाली, "सर, नाक खाली केलं ते कसं केलं, आठवत नाही. हात आपोआप गेला. पण त्याआधी मागे वळावंसं वाटलं. फार वाटलं, सर. धावपट्टी तिथेच तर होती."

"मग?"

"मग वाटलं, मॅडम मारतील."

विमान मोडलं होतं. पुढचं चाक गेलेलं, पंखा वाकलेला. कुणीतरी काढलेली चित्रफीत दुपारपर्यंत गावभर फिरली, आणि संध्याकाळपर्यंत नलावडेसाहेबांचं म्हणणंही फिरलं. धावपट्टी मागे एवढी मोकळी पडली होती. जरा डोकं शांत ठेवून वळली असती तर विमान सुखरूप परत आलं असतं. मुलगी घाबरली.

इंजिन का थांबलं, याबद्दल ते बोलत नव्हते. इंजिनाची देखभाल त्यांच्याच माणसांकडे होती. पुढे चौकशीत इंधनाच्या नळीत बिघाड निघाला, पण ते पुढे. त्या आठवड्यात सगळीकडे एकच चर्चा होती, पोरीनं वळायला हवं होतं का. सलूनमध्येसुद्धा मला लोक हेच विचारत होते.

चौकशीला दिल्लीहून एक अधिकारी आले. स्वतः जुने वैमानिक, केस पांढरे, मराठी चांगलं यायचं. नलावडेसाहेबांच्या केबिनमध्ये आम्ही बसलो होतो. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. कॅप्टननी एवढंच सांगावं, की विद्यार्थिनीकडून निर्णयात चूक झाली. मग सगळं मिटेल. विद्यार्थिनीला पुन्हा थोडं प्रशिक्षण देऊ. कुणाचं नुकसान नाही.

"चूक झाली नाही," कॅप्टन म्हणाल्या.

"मॅडम, जरा समजून घ्या. शाळा चालली पाहिजे ना? ती मुलगी अजून लहान आहे, तिला काही होणार नाही."

"तिला काही होणार नाही कारण ती वळली नाही."

"हे तुमचं मत झालं."

कॅप्टन उठल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "सर, दुसरं विमान तयार आहे. चार जणांची जागा आहे. चला. विमान तुम्ही चालवा. माझा हात लागायला नको, म्हणजे मी मुद्दाम वाईट वळवलं असं कुणी म्हणणार नाही." आणि मग संचालकांकडे वळून, "तुम्ही पण चला, साहेब. तुमचंच विमान आहे."

साहेबांना नाही म्हणता येईना. चौथा म्हणून मी बसलो. साहेबांशेजारी, मागे.

वर गेल्यावर कॅप्टननी सांगितलं, "समजा, दोन हजार फुटांवर धावपट्टी आहे. तिच्या खाली जमीन. काटा दोन हजाराच्या खाली गेला की आपण मेलो. ती तीनशेवर होती, म्हणजे आपण दोन हजार तीनशेवर. चढत राहा, सर. मी इंजिनाची ताकद काढून घेणार आहे. तुम्ही वळून धावपट्टीच्या रेषेत परत या."

त्यांनी दांडा मागे ओढला. आवाज मेला. अधिकाऱ्यांनी लगेच नाक खाली केलं, विमान कलवलं, हात अगदी मऊ होता त्यांचा. खिडकीत समुद्र आला, मग जमीन, मग पुन्हा समुद्र. मी काट्याकडे बघत होतो. वळण अर्ध्यावर होतं तेव्हाच काटा दोन हजाराच्या खाली गेला.

"आपण जमिनीत आहोत, साहेब," कॅप्टन मागे न बघता म्हणाल्या. "वळण अजून चालू आहे."

अधिकारी पुन्हा वर गेले. या वेळी त्यांनी विमान जोरात कलवलं, लवकर वळावं म्हणून. धोक्याचा भोंगा वाजायला लागला, सगळं विमान थरथरलं आणि एक पंख एकदम खाली गेला. नलावडेसाहेबांनी माझा दंड धरला. अधिकाऱ्यांनी विमान सावरलं. काटा पहिल्यापेक्षाही खाली होता.

"सर, तुमचे उडण्याचे तास तिच्यापेक्षा किती जास्त?" कॅप्टननी विचारलं.

"खूपच," ते म्हणाले.

"आणि तुम्हाला माहीत होतं की इंजिन जाणार आहे. तिला माहीत नव्हतं."

उतरल्यावर अधिकाऱ्यांनी नलावडेसाहेबांसमोरच रुबिनाच्या घरचा पत्ता विचारला. भेटून जातो म्हणाले, आणि गेले.

रुबिनावर ठपका आला नाही. कॅप्टनना मात्र महिन्याभरात सांगण्यात आलं की शाळेला आता त्यांची गरज नाही. मी चिडलो, मीही सोडतो म्हणालो. त्यांनी मला झापलं. "तुम्ही सोडून काय होणार? पोरांना हवामान कोण शिकवणार, नलावडे?" म्हणून मी राहिलो.

मध्यंतरी साहेबांनी एक माणूस त्यांच्या घरी पाठवला. नवे प्रशिक्षक पोरांना जमत नव्हते. मॅडमनी चार माणसांत एवढंच म्हणावं, की रागाच्या भरात साहेबांचा अपमान झाला, मग परत यावं. मी तेव्हा तिथेच बसलो होतो. कॅप्टन बांगडे साफ करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "रागाच्या भरात नाही केला. शांतपणे केला. त्यांना तसंच सांगा."

तात्या सुर्व्यांनी गडगा पुन्हा बांधला, तिथेच, तेवढाच. कॅप्टन नोकरी गेल्यावरही जाऊन त्यांच्याशी भांडून आल्या.

पुढे त्यांना दुसऱ्या राज्यात काम मिळालं. जायच्या आधीच्या आठवड्यात रुबिनाला पुन्हा एकटीनं उडायची परवानगी मिळाली. मी कॅप्टनना फोन केला नव्हता, कुणी केला माहीत नाही. पण त्या दिवशी दुपारी मी फाटकापाशी गेलो, तर त्या कुंपणाबाहेर रस्त्यावर स्कूटर लावून उन्हात उभ्या होत्या.

फाटकावरचा शिवगण त्यांना म्हणत होता, "मॅडम, या ना आत. साहेब जेवायला गेलेत, कोण बघतोय?"

"मला आत यायला मनाई आहे ना?"

"हाय. पण…"

"मग चोरून येणार नाही. बोलावतील तेव्हा येईन, तेही माझं मन असेल तर."

मी बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो. वारा समुद्रावरून होता, म्हणजे विमान पश्चिमेला उठणार, आमच्या समोरून. दूर टोकाला इंजिनाचा आवाज वाढला. तेवढ्यात नलावडेसाहेबांची गाडी आली आणि आमच्यापाशी थांबली. काच खाली झाली.

"काय मोहिते मॅडम, इथे रस्त्यावर?"

"रस्ता सरकारी आहे."

विमान आमच्यासमोरून गेलं आणि जमीन सोडून वर निघालं. काचेतून रुबिनाचा ताठ चेहरा क्षणभर दिसला. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. विमान कड्यावरून पुढे गेलं, खाली समुद्र आला.

"मॅडम, झालं गेलं…" साहेब बोलू लागले.

कॅप्टननी विमानावरची नजर न काढता हात त्यांच्याकडे करून त्यांना गप्प बसायची खूण केली. साहेब गप्प बसले. विमान अजून सरळच वर चाललं होतं.